दोन बोटं माया ठेवून

पत्र असं आहे:

‘ताई, मला सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. मागच्या रविवारी लेकीचं कपाट आवरायला काढलं तर एकतीस फ्रॉक निघाले. त्यातले अंगाला येणारे नऊ. तरी रोज सकाळी “आई, मला घालायला काहीच नाही” चालूच. सेल लागला की मी मोबाइलवरून दोनशे-तीनशेचे कपडे मागवते आणि दोन धुण्यांत ते उसवतात. गेल्या वर्षी दोघांच्या कपड्यांवर चौदा हजार गेले. पर्यावरणाचं सगळं पटतं, पण सेंद्रिय सुताचा फ्रॉक बघितला तर अठराशे रुपये! मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलांचे कपडे पिशवी भरून दिलेत. चांगले आहेत, डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा येतो. पण हे म्हणाले, “माझी मुलं कुणाचे उतरलेले कपडे घालणार नाहीत.” सासूबाईही त्यांच्याच बाजूने. पिशवी पलंगाखाली पडून आहे. लेकीला मैत्रिणीसारखा टिकल्यांचा, युनिकॉर्नवाला ड्रेस हवाय. काय करू?
— एक आई’

प्रिय डोंबिवलीकर ताई,

एकतीसचा आकडा वाचला आणि उठून माझ्याच ओढण्या मोजून आले. आकडा सांगत नाही.

पलंगाखालच्या पिशवीपासून सुरुवात करू. तुमचा निम्मा प्रश्न त्या पिशवीत सुटतो, आणि ती अडून बसलीय एका शब्दावर. ‘उतरलेले’ हा शब्द तुमच्या मिस्टरांच्या तोंडी आला कुठून, हे त्यांना विचारलंत का? वाद म्हणून नको. रात्री ओटा आवरून झाला की सहज विचारा, लहानपणी तुम्हाला कुणाचे कपडे यायचे हो? माझा अंदाज असा की कुणाचे तरी यायचेच, आणि त्याची एखादी गोष्ट त्यांनी अजून कुणाला सांगितलेली नाही.

माझी सांगते. सातवीपर्यंत मी मामेबहिणीच्या गणवेशावर निभावलं. ती दोन वर्षांनी मोठी, शाळा तीच. धोब्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून मामीनं कॉलरच्या आत काळ्या शाईनं तिचं नाव लिहिलेलं असायचं. कितीही घासलं तरी ते जात नसे. एकदा पीटीच्या तासाला मागच्या मुलीनं ते मोठ्यांदा वाचलं. कपडा चांगला होता, मापाचा होता, कडक इस्त्रीचा होता. तरी मी तो दिवस विसरले नाही, कारण आपल्या घरात कपडे नुसते येतात, आपल्याकडून कुणाकडेच जात नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हणून माझं म्हणणं, घेण्याआधी द्या. न बसणारे बावीस फ्रॉक तुमच्याकडे पडून आहेतच. (त्यातले काही परत बसतील, त्याबद्दल पुढे लिहिते.) उरलेल्यांतले धड असतील तेवढे निवडा, धुवा, इस्त्री करा आणि चार वर्षांची मुलगी असलेल्या एखाद्या घरी द्या. खालच्या मजल्यावर द्या, यांच्या ऑफिसातल्या कुणाला द्या. जमलं तर यांच्याच हातून द्या. एकदा आपल्या हातून एक गठ्ठा बाहेर गेला की दारात आलेल्या गठ्ठ्याकडे माणूस वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्या इमारतीत चार घरांत मिळून असं एक बोचकं अकरा वर्षं फिरतंय. त्यातला एक पिवळा रेनकोट पाच मुलांच्या अंगावरून गेलाय. त्याची टोपी कुणाकडे तरी राहिलीय आणि दर जूनला ग्रुपवर तिची चौकशी होते.

फक्त एक पथ्य पाळा. देतानाच स्पष्ट सांगायचं, परत हवंय की नको. एका भरजरी टोपड्यावरून दोन सख्ख्या बहिणी वर्षभर बोलत नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जे परत हवं असेल त्याच्या आतल्या शिवणीला लाल दोऱ्याचा एक टाका घाला. नाव मात्र कधी लिहू नका.

सासूबाईंना दुसरा प्रश्न विचारा, यांचं पहिलं झबलं कशाचं होतं? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं. बाळंतविड्यातली नवी झबली-टोपडी बारशापर्यंत कपाटात असायची, आणि तान्ह्याच्या अंगाला लागायचं ते आजोबांच्या धोतराचं लंगोट आणि आजीच्या लुगड्याचं दुपटं. कोऱ्या कापडाला खळ असते. पाच-पंचवीस वेळा पाण्यातून निघालेलं सूत मऊ पडतं आणि नाजूक कातडीला टोचत नाही. हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आठवण तेवढी करून द्यायची. आणि दृष्टीबिष्टीचं काही मनात असेल तर हसू नका. वाढदिवसाला, पाडव्याला, दिवाळीला नवंकोरं आणि एरवी फिरतं, एवढ्यावर तडजोड होते. चड्ड्या-बनियन नवेच घ्या. बूटही शक्यतो नवेच, कारण वापरलेला बूट पहिल्या मुलाच्या पायाच्या ठेवणीनं झिजलेला असतो.

आता त्या वासाबद्दल, आणि हे जरा गंभीरपणे वाचा. डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅप्थॅलीन. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा मुलांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या अंगाला गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा पांघरुणं लागली तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ती चांगलीच वाढू शकते. म्हणून ती पिशवी उघडून कपडे दोन-तीन दिवस गॅलरीत वाऱ्यावर टाका, मग गरम पाण्यात भिजवून धुवा आणि कडकडीत उन्हात वाळवा. वास पूर्ण गेल्याशिवाय धाकट्याच्या अंगाला लावू नका. तुम्ही स्वतः कपडे ठेवाल तेव्हा गोळ्यांऐवजी सुकवलेला कडुलिंबाचा पाला नाहीतर वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा.

नव्या कपड्यांकडे वळू. आपल्याकडे दुकानात शिरताना एक मंत्र म्हणतात, ‘वाढत्या अंगाचं दाखवा.’ मला हा मंत्र अर्धाच पटतो. दोन नंबर मोठा शर्ट घातलेलं पोर पहिलं वर्ष बुजगावण्यासारखं फिरतं, बाह्या आमटीत बुडवतं, आणि शर्ट अंगाला नीट बसायला लागतो तोवर तो विटलेला असतो.

मुलं वाढतात कशी, ते बघा. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेलं बाळ वर्षाचं होईस्तोवर ७५ सेंटिमीटरला पोचतं, वजन जवळजवळ तिप्पट होतं. या वर्षात कपडा दोन-तीन महिने चालला तरी डोक्यावरून पाणी. तिथे मागून आणलेलं सगळ्यात बरं. पण दोन-तीन वर्षांनंतर हा वेग उतरतो. उंची वर्षाला साधारण सहा सेंटिमीटरनं वाढते, छाती मात्र इंचभरसुद्धा नाही. म्हणजे तुमची लेक उंच होतेय, रुंद होत नाहीये. ते बावीस फ्रॉक एकदा तिच्या खांद्याला लावून बघा. निम्मे तरी मुंढ्यात आणि छातीत बसतील, नुसते गुडघ्याच्या वर गेले असतील. त्यांना खालून चार बोटांची पट्टी जोडता येते. नाहीतर लेगिंगवर कुर्ता म्हणून ते आणखी वर्षभर जातात.

यावर शिंप्यांकडे जुना इलाज आहे आणि त्याचं नावही सुरेख आहे, माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. लहान मुलांचं शिवताना दोन बोटं माया ठेवा, असं आई शिंप्याला सांगायची आणि आम्हाला त्यात काही गंमत आहे हे तेव्हा कळायचं नाही. फ्रॉक खांद्यात आणि छातीत मापाचा शिवून घ्या. बाजूंच्या शिवणीत इंच-इंच माया आणि खालच्या दुमडीत तीन इंच. उंचीतली सगळी वाढ काही फ्रॉकच्या वाट्याला येत नाही, त्याला वर्षाला दीडेक इंच लागतो, म्हणजे तीन इंचांत दोन वर्षं निघाली. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. ते आटायचं तेवढं आधीच आटू दे.

परकराला आई दुमड घालत नसे. आतल्या अंगानं आडवी प्लेट टाकायची, मोठ्या टिपेनं, दर दिवाळीला ब्लेडनं उसवता येईल अशी. उसवल्यावर तिथे एक रेघ दिसायची. वरचं कापड उन्हानं विटलेलं, प्लेटीतलं कोरं करकरीत, आणि मधोमध घडीचा काळसर डाग. त्या रेघेवर आई अर्ध्या इंचाची फीत लावून टाकायची. माझ्या निळ्या परकराला अशा तीन फिती होत्या, पिवळी, लाल आणि तिसरी दुकानात पिवळी मिळाली नाही म्हणून हिरवी. लोकांना ती फॅशन वाटायची.

शिवून घेणं महाग पडतं हा समज एकदा कागदावर तपासा. कटपीसच्या दुकानात सव्वा मीटर पॉपलिन नाहीतर केंब्रिक दोनशेच्या आत येतं. आमच्या गल्लीतल्या, ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या ताई एवढ्याशा फ्रॉकची शिलाई अडीचशे घेतात. झाले साडेचारशे. आठवड्यातून दोनदा घातला तर वर्षाला शंभर वेळा, दोन वर्षांत दोनशे. म्हणजे एका वेळेला सव्वादोन रुपये. तुमचा सेलमधला २९९चा फ्रॉक सहा वेळा घालून उसवला तर एका वेळेला पन्नास. हे गणित मी घरी मांडलं तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांच्या बुटांचा हिशेब मागितला, तो भाग वेगळा.

आणि कापड विकतच आणायला हवं असंही नाही. साडेपाच मीटरच्या सुती साडीत सहा वर्षांच्या मुलीचे तीन फ्रॉक आरामात निघतात. काठ खाली घेतला तर दुमडीचीही गरज नाही. कापण्याआधी साडी खिडकीत उजेडावर धरा. निऱ्यांचा भाग आणि बसून झिजलेला भाग विरलेला दिसेल, तो सोडा. बाकीचं दोन्ही हातांनी ताणून बघा. ‘चर्र’ झालं तर दुपटं करा, फ्रॉक नको. या निमित्तानं सासूबाईंकडे एखादी साडी मागा. आजीच्या साडीचा फ्रॉक ‘उतरलेला’ असं कुठल्याच घरात म्हणत नाहीत, आणि हे यांना तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही.

तयार कपडे घ्यावे लागतातच, मला मान्य आहे. मग दुकानात कपडा उलटा करून बघायची लाज बाळगू नका. शिवण हलकेच ओढा, टाके उघडून दात दाखवत असतील तर ठेवून द्या. आत पाव इंचावर इंटरलॉक मारलेलं असेल तर माया शून्य. विजारीचं इलॅस्टिक नेफ्यात ओवलेलं आहे की कापडालाच शिवलंय ते बघा. ओवलेलं दहा रुपयांत बदलता येतं, शिवलेलं सैल पडलं की विजार गेली. धाकट्याच्या पँटच्या गुडघ्यांना फाटायच्या आधीच आतून ठिगळ लावून घ्या. गुडघे गेलेच तर खाली कापून हाफ पँट. गळ्याशी लोंबत्या नाड्या असलेले कपडे घेऊच नका, त्या झोपाळ्यात, घसरगुंडीत अडकतात. आणि दिवाळीत फुलबाजी हातात द्यायची असेल तर अंगावर सुतीच हवं. पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.

ताईचे गुलाबी कपडे दोन वर्षांच्या भावाला चालतात का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. चालतात. त्याला रंगाशी घेणं नाही, खिसा असला की झालं.

सेंद्रिय सुताबद्दल थोडक्यात. कापूस पिकवण्यापासून धरलं तर एका सुती टी-शर्टमागे जगाच्या सरासरीनं अडीच हजार लिटरच्या वर पाणी लागतं, असा हिशेब सांगतात. आपल्या विदर्भातल्या कोरडवाहू कापसाचं बरंचसं पाणी आभाळातूनच येतं, पण फवारणी, रंगाई, वाहतूक हे सगळं उरतंच. अठराशेचा सेंद्रिय फ्रॉक सहा वेळा घालून कपाटात पडला, तर साध्या पॉपलिनचा दोनशे वेळा घातलेला फ्रॉक त्याच्यापेक्षा केव्हाही सरस. हौस म्हणून घ्यायचा तर घ्या, पर्यावरणाच्या नावावर खर्च टाकू नका. ‘बांबूचं कापड’ म्हणून जे मऊमऊ विकतात ते बहुतेक वेळा रसायनांत विरघळवून काढलेलं व्हिस्कोस असतं, तेही लक्षात असू द्या.

किती कपडे पुरे? पुस्तकी आकडा देणार नाही. तुमच्याकडे हिशेब दिवसांवर नाही, वाळण्यावर करावा लागतो. जुलैत डोंबिवलीत जाड जीन्स तीन दिवस ओली राहते आणि तिला तो कुबट वास लागतो. धाकट्याचे दिवसाला तीन जोड आणि वाळायला दोन-अडीच दिवस धरले तर आठ-नऊ जोड हवेत. तेही पातळ होजिअरीचे, पंख्याखाली रात्रीत वाळणारे. लेकीला शाळेचे गणवेश सोडून घरचे पाच, बाहेरचे तीन आणि सणाचा एक पुष्कळ झाले. स्नेहसंमेलनात मावळा नाहीतर फुलपाखरू व्हायचं असेल तर ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणा. तसला पोशाख परत कधीच घातला जात नाही.

आता युनिकॉर्न. घेऊन द्या. सहा वर्षांच्या पोरीला ‘टिकल्या म्हणजे प्लास्टिक’ हे व्याख्यान देऊन काही होत नाही, मी देऊन बघितलंय. हौसेला मोल नसतं. आधी आतून हात फिरवून बघा, मुलायम अस्तर नसेल तर काखेत टोचेल आणि घामोळ्या येतील. एकच घ्या आणि तो ‘बाहेरचा’ म्हणून जपून ठेवू नका. भाजी आणायला, अभ्यासाला, रविवारच्या इडलीला, तिला वाटेल तेव्हा घालू दे. तुमच्या कपाटातले किती तरी फ्रॉक जपून ठेवल्यामुळेच लहान झालेत, खरं ना? आणि जाऊबाईंची पिशवी धुऊन-वाळवून झाली की ती पलंगावर ओता आणि निवड लेकीला करू द्या. तुम्ही काढून दिलेलं ती नाक मुरडून घालेल, तिनं स्वतः उपसून काढलेलं काढायला तयार होणार नाही.

जे कुणालाच देण्यासारखं उरलं नाही त्याचं काय? मळकं, फाटकं ‘दान’ म्हणून देऊ नका. पूर्वी दुपारी बोहारीण यायची, एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चालायची, आणि नेलेले कपडे ती दुरुस्त करून, धुऊन जुन्या बाजारात विकायला मांडायची. तुमच्या भागात अजून येत असेल तर हाक मारा, तिच्या हातून कपडा वाया जात नाही. ‘गूंज’ ही अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली संस्था शहरांतून कपडे गोळा करते. ती हे कपडे फुकट वाटून टाकत नाही. गावकरी विहीर उपसतात, रस्ता करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. जुन्या सुती कापडाचे तिथे सॅनिटरी पॅडही होतात. या संस्थेबद्दल मिस्टरांना मुद्दाम सांगा, त्यांना पटेल असं मला वाटतं. अगदीच चिंध्या झालेलं सुती कापड पुसायला ठेवा, आणि रंगीत तुकडे जमले की गोधडीला.

मला तारखेवार योजना विचाराल तर एवढंच सांगेन की दिवाळीपर्यंत मोबाइलवरून काही मागवू नका, आणि या रविवारी बावीस फ्रॉक खांद्याला लावून बघायला बसा. लेकीला दर दहा मिनिटांनी खाऊ लागेल, तयारी ठेवा.

तुमची,
ताई

ता. क. पिशवीतले जे शर्ट अगदीच वापरण्यासारखे नसतील त्यांची बटणं कापून डब्यात ठेवा. एका शर्टाची एकसारखी सात बटणं एका दोऱ्यात ओवून ठेवायची, सुटी नाहीत. सुट्या बटणांतून जोडी शोधताना माझी अख्खी दुपार गेलीय, आणि शेवटी यांच्या शर्टाला एक हिरवं लागलं ते लागलंच. शिवाय तुमचा धाकटा दोन वर्षांचा आहे, डबा वरच्या फळीवर.